पोळ्याच्या सकाळी चढलेलं पाणी

"मॅडम, अर्ध्या तासात पाच सेंटिमीटर चढलंय. दोन गेट उघडा," धुळ्याहून साहेब फोनवर म्हणाले. धरणाच्या भिंतीजवळच्या, पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग त्यांना स्क्रीनवर दिसत होतं.

मी धरणावरची शाखा अभियंता. पाच सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमचा जलाशय बारा किलोमीटर लांब. त्यावर एवढा थर चढायचा तर वरून पूरच यायला हवा. धरण भरत आलं होतं, त्यामुळे साहेबांची घाई मला कळत होती.

अडचण खाली नदीत होती. त्या दिवशी पोळा. मी पोलीस पाटलांना फोन केला.

"अर्धं गाव बैलं धुवाले नदीमा शे, ताई. बठ्ठासले काढाले तास लागी."

"सगळ्यांना काढायला आत्ताच लागा," म्हटलं आणि पुन्हा साहेबांना फोन लावला. "वीस मिनिटं द्या. आवक तपासते."

"तेवढ्यात पाणी वर गेलं तर?"

"मी गेटपाशीच आहे, साहेब."

आवक म्हणजे नदीतून धरणात येणारं पाणी. वरच्या पुलावरच्या मोजणी केंद्रात विचारलं. नदी कालच्याइतकीच. मग हे पाणी आलं कुठून?

भिंतीवर गेले. पश्चिमेचा वारा असा, की उभं राहवेना. लाटा थेट भिंतीवर आपटत होत्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या जलाशयात जोराचा वारा पाणी एका काठाला रेटतो. तसं असेल तर पलीकडच्या टोकाला ते उतरलेलं असणार. तिथे मासेमारी करणाऱ्या दगानानांना फोन केला.

"नाना, पाणी कुठवर आलंय?"

"येवाले काय? मांगे सरकनं शे. मनी नाव कोरडावर बठी गयी."

मी साहेबांना सांगितलं, "पाणी वाढलं नाही, सरकलंय. पलीकडे नानांची होडी कोरड्यावर बसलीय. गेट उघडत नाही."

"लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

"देते."

लिहून सही केली आणि गेटपाशीच थांबले. दुपारी वारा पडला आणि पातळी चढण्यापूर्वीच्या आकड्यावर आली.

खरी आवक तीन दिवसांनी आली. आदल्या दिवशी गावांना कळवून, सायरन वाजवून आम्ही शांतपणे पाणी सोडलं. नंतर साहेबांनी स्वतःच पलीकडच्या टोकासाठी दुसरा सेन्सर मागवला. भिंतीजवळचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त भिंतीपुरता होता.