आळीभर फिरणारी गुलाबी बाटली

गेल्या महिन्यात हिर्डोशीच्या घरी मी सुनेच्या हातातली औषधाची बाटली हिसकावून घेतली. सहा महिन्यांच्या नातीला सर्दी झाली होती, आणि शेजारणीच्या पोराचं उरलेलं अँटिबायोटिक सून चमच्यात ओतत होती.

“आत्या, एका चमच्यानं काय हुतंय?” सून म्हणाली.

“तुझ्या नवऱ्याकडं बघ, म्हंजी कळंल!”

नवरा म्हणजे माझाच लेक. तो तान्हा असताना हा उद्योग मीच चालवायचे. एकीच्या पोराचं उरलं की दुसरीच्या पोराला. गुलाबी बाटली संक्रांतीच्या वाणासारखी आळीभर फिरायची. मी सातवी पास, म्हणजे जणू सिव्हिल सर्जनच! नाचणीची पेज पाजा म्हणणाऱ्या सासूबाईंना अडाणी ठरवायचे. लेक शिंकला की चमचा, दात आले की चमचा. बाटली संपली तर कापूरहोळचा औषधांचा दुकानदार डॉक्टरची चिठ्ठी न मागता नवी द्यायचा. एकानंही अडवलं नाही, याचा अजून संताप होतो.

शाळेत जायला लागल्यावर लेक फुगत गेला. लग्नाच्या पंगतीत पाव्हणे ओरडायचे, “वाढा, ह्या धान्याच्या कणगीला वाढा!” पोर अर्ध्या ताटावरून उठायचं. घरी मीही त्याची भाकरी मोडून अर्धी करायचे. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी अलीकडं समजावलं, की पोटात चांगले जंतूही असतात, ही औषधं त्यांनाही मारतात, आणि तान्हेपणी वरचेवर दिली तर पुढं वजन वाढायला हातभार लागत असावा. “तुमच्या मुलाचं त्यानंच वाढलं, असं मात्र सांगता येणार नाही,” असंही म्हणाल्या. नसेल येत. पण इतकी वर्षं सगळ्यांनी त्याच्या जिभेलाच दोषी धरलं, ते तरी कुणाला खात्रीनं सांगता आलं होतं?

सून फणकारली. “आन् ताप चढला म्हंजी?”

“मग डॉक्टर लिहून देत्याल ते द्यायचं, पुरं द्यायचं. लोकांचं उरलेलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघी भोरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासली. नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, अंगावर पाजत राहा म्हणाल्या. ताप आला किंवा धाप लागली तर लगेच आणा.

स्टँडवर लेकाचा फोन आला. “काय दिलं?”

“थेंब.”

“येवढंच? मग येवढ्या लांब गेलासा कशाला?”

“तुला कुणी नेलं न्हवतं, म्हणून!” मी इतक्या जोरात ओरडले की सुनेच्या कडेवरची पोर दचकून रडायला लागली.