तिच्या वाटणीचा चुरमा

आमच्या न्हावऱ्यात केबल आली तेव्हा ताई अकरावीला होती आणि मी सातवीला. त्या वर्षांत टीव्हीवर सारखी कुठली ना कुठली मुलगी मुकुट घालून डोळे पुसत असायची. आईला तिचे तोकडे कपडे दिसायचे, मला मुकुट. ताईला फक्त कंबर दिसायची. रविवारच्या पुरवणीत त्या मुलींची मापं छापून यायची. एकदा ताईनं आईच्या शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला, दार लावून घेतलं आणि स्वतःला मोजलं. बाहेर आली ती तोंड पाडूनच.

ती जाड नव्हती. चारचौघींसारखी होती. पण हे तिला कोण सांगणार? मीच तिला गंमत म्हणून 'कांद्याची गोण' म्हणायचे.

शेतकऱ्याच्या घरात जेवण टाळणं सोपं नसतं. 'भूक न्हाई' म्हटलं की आई दोन भाकरी जास्त वाढणार. पण 'उपवास हाय' म्हटलं की तीच आई मुकाट्यानं ताट बाजूला ठेवायची. ताईला ही वाट बरोबर सापडली. आधी गुरुवार, मग चतुर्थी, मग शनिवार. आई कौतुकानं साबुदाण्याची खिचडी करायची. ताई ताटली घेऊन आतल्या खोलीत यायची आणि माझ्यापुढं सरकवायची. मी खायचे. मला खिचडी आवडायची, दुसरं काही थोर कारण नव्हतं. रिकामी ताटली बघून आई निर्धास्त व्हायची.

महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही दौंडला मामाकडे जायचो. तिथल्या स्टेशनवर लाल-हिरव्या दिव्यांचं वजनाचं मशीन होतं. रुपया टाकला की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्य. अठ्ठेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. भविष्य मात्र दर वेळी झकास. ती तिकिटं ताई एका डबीत ठेवायची. 'आईला सांगितलंस तर जन्मात बोलणार न्हाई तुझ्याशी,' म्हणायची. घरात माझ्याशी धड बोलणारी तीच एकटी होती. मी तोंड शिवून घेतलं.

गावात तिचं नाव झालं. 'काय देवभोळी पोर हाय, न्हाईतर आमच्या बघा,' असं म्हणत बाया आपल्या मुलींना घालूनपाडून बोलायच्या. तिचे केस मूठमूठ गळत होते. उन्हातही ती स्वेटर काढत नव्हती. ते कुणी बघितलं नाही.

थंडीत रमजान आला. शेजारच्या चाचींची मुलगी ताईची मैत्रीण, तिच्याबरोबर ताईनं रोजेही धरले. वडील खूश झाले. 'देव काय येगळा हाय का?' म्हणाले. रोज संध्याकाळी ती रोजा सोडायला चाचींकडे जायची. पाचव्या दिवशी चाचींनी मला नळावर गाठलं.

'रोजा सोडण्यासाठी असतो, पोरी. तुझी ताई खजूर गालात धरती आन् भिंतीमागं जाऊन थुकती. घरी काय खाती का?'

'खाती की.'

'तू बघितलंस?'

'व्हय,' मी म्हणाले. चाची हंडा उचलून गेल्या. अख्ख्या गावात त्या एकट्यांना कळलं होतं, आणि त्यांना मी परत पाठवलं.

पुढं बारावीत ताईनं सोळा सोमवार धरले. दर सोमवारी नैवेद्याला गूळ-तुपातला चुरमा असायचा आणि त्यातला एक वाटा व्रत करणारीनं खायचा असतो. तोही माझ्याच पोटात जायचा. चौदा सोमवार झाले आणि त्याच आठवड्यात ताई शिरूरच्या एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, 'ही खात नव्हती का?' आई मान वर करून म्हणाली, 'उपास असत्यात तिचे.' डॉक्टर म्हणाले, हृदय फार अशक्त झालंय. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी दाराशीच उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

बोलले ते सुतक फिटल्यावर. खिचडी, चुरमा, खजूर, सगळं सांगितलं. तिकिटांची डबी आईपुढं उपडी केली. आईनं माझ्या थोबाडीत मारली.

'मेलेल्या बहिणीवर आळ घेतीस? देवाची पोर हुती ती!' म्हणाली आणि तिकिटं चुलीत घातली. मला आईचा राग आला नाही. माझाच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

व्रत अर्धवट ठेवायचं नाही म्हणून राहिलेले दोन सोमवार आईनं माझ्याकडून करून घेतले. मग उद्यापन घातलं. सोळा जोडपी जेवायला होती. चाची ओसरीच्या टोकाला बसल्या होत्या. पंगती उठल्यावर आईनं मला पाटावर बसवलं आणि पुढं चुरम्याची ताटली ठेवली.

'ही तिच्या वाटणीची. तिच्या नावानं खा.'

मी खाल्ला. दर सोमवारी खायचे तसाच, ताटली बोटानं पुसून.

आईनं रिकामी ताटली उचलली, नेहमीसारखी निरखून बघितली आणि पदरानं डोळे टिपत म्हणाली, 'जेवली गं माझी पोर.'