शहाडच्या चढावरची शिट्टी

रवींद्र उबाळेचं गॅरेज आंबिवली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पत्र्याचा एक गाळा. अर्ध्या भागात रवी गाड्या दुरुस्त करतो, अर्ध्या भागात त्याची बायको शालन ब्लाउज शिवते, मध्ये जुन्या चादरीचा पडदा. बोर्ड कधी लावला नाही. गरजच नव्हती. टिटवाळ्यापासून कल्याणपर्यंतचे ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, "आवाज कळत नसेल तर रवीकडे ने."

रवी बॉनेट उघडायच्या आधी गाडीचं दुखणं ओळखायचा. नंतर लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभा राहायचा. ही विद्या त्याला कुठल्या कॉलेजने दिली नाही. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत तो अकरा वर्षं ब्लोअर रूमला होता. हवा फेकणारे मोठमोठे पंखे दिवसभर ओरडायचे, आणि त्यातला कुठला बिघडणार हे रवी दोन दिवस आधी सांगायचा. कंपनीने कानात घालायला साधे बोळे दिले नाहीत. कान तिथे तयार झाला आणि तिथेच खराबही होत होता. कंपनी बंद पडली, गॅरेज सुरू झालं, तरी ते कुणाला कळलं नाही.

कळलं माझ्यामुळे. हे सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

फेब्रुवारीत मी कंपन्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांसाठी कान तपासणीचं शिबिर घेतलं. आयुष्यभर मशीनपाशी उभ्या राहिलेल्या माणसांना निदान स्वतःचे कान किती शिल्लक आहेत ते तरी कळावं. माझ्या जुन्या डिझेल गाडीवर भोंगा बसवला. वायर मी स्वतः ओढली, बॅटरीपासून टपापर्यंत. माझी कामं मी दुसऱ्याकडून करून घेत नाही. पहिल्या दिवशी रवी आला, कान तपासून गेला, आणि ते खराब झाल्याचं निघालं. दुसऱ्या दिवशी गर्दी कमी दिसली तसं माझं डोकं फिरलं. माईक घेतला आणि गावभर ओरडत गेलो, "अरे, आपला रवी मेकॅनिक, ज्याच्या कानाची सगळे शपथ घेतात, त्याचा कान गेलाय. तुमचं काय?"

गर्दी झाली. शिबिर गाजलं. आणि महिन्याभरात रवीच्या गॅरेजसमोरच्या गाड्या कमी होत होत एक जुनी रिक्षा उरली, ती पण त्याच्या चुलतभावाची.

मे महिन्यात माझी गाडी शिट्टी मारायला लागली. सपाट रस्त्यावर गप्प, चढ आला की सूं. ओढही कमी झाली. कल्याणच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. कोट घातलेल्या पोराने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, टर्बो गेलाय, पूर्ण बदलावा लागेल. टर्बो म्हणजे गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबतो, त्यामुळे गाडी चढाला दमत नाही. मी विचारलं, उघडून बघितलास का. तो म्हणाला, उघडायची गरज नाही. तिथे माझं त्याच्याशी जोरात वाजलं. गाडी घेऊन सरळ रवीकडे आलो.

तो बाहेर बाकड्यावर बसलेला.

"रवी, गाडी शिट्टी मारतेय. बघ जरा."

"मला ऐकू येत नाही. तूच सांगितलेलंस ना भोंग्यावर."

"मग आता माझं कसं ऐकतोयस?"

"बोलणं येतं रे. बारीक आवाज गेलेत. पाखरं, मोबाईलची टिंग, कुकर. टर्बो त्यातलाच." त्याने हात पुसला, हाताला काही लागलेलं नसताना. "एकतीसला गाळ्याची चावी परत देतोय. मेव्हण्याने भिवंडीच्या गोडाऊनला वॉचमनचं बघितलंय. जे कानाने होत नाही ते अंदाजाने करून लोकांच्या गाड्या खराब नाही करणार मी."

 

पडद्यामागचं शिलाई मशीन थांबलं. शालनवहिनी बाहेर आली, गळ्यात मापाची टेप. "गुरुभाऊजी, शिट्टी कुकरची का पिपाणीची?"

"शिट्टी म्हणजे शिट्टी, वहिनी."

"असं कसं? ह्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण तोंडाने आवाज काढून दाखवतो. पंधरा वर्षं पडद्यामागे तेच ऐकतेय. काढा बघू."

मी काढला.

"हे मांजर झालं," ती म्हणाली. "चला, मीच ऐकते."

"तू?" रवी म्हणाला.

"माझे कान शाबूत आहेत. काय ऐकायचं ते तुम्ही सांगा. अहो उठा, एकतीसला अजून नऊ दिवस आहेत."

तो उठला. मला वाटतं, नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून उठला.

शहाडच्या पुलाचा चढ त्याला हवा होता. मी चालवत होतो, रवी शेजारी, वहिनी मागे मधोमध पुढे वाकून बसलेली.

"तिसऱ्या गिअरला ठेव. आता दाब."

"आली," वहिनी म्हणाली. "बारीक. तिच्याबरोबर फस्सपण आहे."

"फस्स जास्त का शिट्टी जास्त?"

"फस्स."

"गुरु, पाय काढ. शालन, आवाज कसा गेला? खाली उतरत उतरत गेला का तुटला?"

"तुटला. सायकलच्या ट्यूबवर बोट दाबलं की थांबतो तसा."

रवीने मागे वळून तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"परत न्या गाडी."

तीन वेळा तो पूल चढलो. मागून रिक्षावाले शिव्या घालत होते, एकाला मी काच खाली करून उत्तर दिलं. तिसऱ्यांदा उतरताना रवी म्हणाला, "पंखा घासत असता तर पाय काढल्यावर आवाज हळूहळू खाली आला असता. पंखा लगेच थांबत नाही. ही हवा कुठूनतरी निसटतेय."

गॅरेजला आल्यावर त्याने गाडी चालू ठेवली आणि तो लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. टोक टर्बोवर, पण मूठ कानाला लावली नाही, दातात धरली. मी बघतच राहिलो.

"शिट्टी नाही कळत," मूठ काढून तो म्हणाला, "पण आत काही घासत असेल तर दाताला कळतं. कंपनीत फार आवाज असला की असंच करायचो. काही घासत नाहीये."

गाडी गार होऊ दिली. मग हवेचा पाईप सोडवून त्याने पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. आडवा किंचित हलला, तेवढं चालतं; आतबाहेर अजिबात नाही. पाती अखंड, पाईपमध्ये तेल नाही. "टर्बो ठणठणीत आहे," तो म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात अजून जोर नव्हता. वहिनीने भांड्याचा साबण पाण्यात कालवून आणला. रवीने टर्बोपासून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाईप दोन्हीकडून बंद केला, पंपाने आत हवा भरली, आणि वरून साबणाचं पाणी सोडलं.

पाईपच्या खालच्या अंगाला फेसाचा गोळा उभा राहिला.

त्याने पाईप फिरवला. रबरात करकचून रुतलेली लोखंडी तार होती, आणि त्या तारेने बांधलेली एक लाल वायर.

"हे काम कुणाचं?"

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याचं खानदान काढलं असतं. "माझं," म्हणालो.

"भोंग्याची वायर?"

"हो."

"शिबिराच्या वेळची?"

"हो रे बाबा."

आधी वहिनी हसली. मग रवी. असा हसला की स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. नंतर नीट सांगितलं त्याने, प्लास्टिकची पट्टी वापरायची असते, आणि तीही ह्या पाईपला नाही. गाडी जोर लावते तेव्हा पाईप फुगतो, तार रबर कापते. सपाट रस्त्यावर चीर मिटलेली, चढावर उघडी.

नवीन पाईप दुसऱ्या दिवशी कल्याणहून आणला. परत पुलावर गेलो. ह्या वेळी रवी समोर बघतच नव्हता, पूर्ण वळून बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं इंजिन."

मी म्हटलं, रवी, उद्या भोंग्यावर सांगतो, सगळ्यांना कळू दे. तो म्हणाला, "तू भोंगा काढून ठेव." तेव्हा मी तोंडाने सांगत फिरलो, रिक्षा स्टँड ते टेम्पो नाका, एकेकाला थांबवून. चूक कुणाची होती तेही सांगितलं. ते सांगताना जड गेलं, पण लोकांना तोच भाग जास्त आवडला.

एकतीस तारीख गेली. चावी रवीच्याच खिशात आहे. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी कानाच्या यंत्रासाठी माप घेतलंय, ते येईल तेव्हा येईल. तोपर्यंत एखादा टेम्पो येऊन उभा राहतो, रवी हाक मारतो, "शालन, चढावर जायचंय," आणि पडद्यामागचं मशीन थांबतं. ब्लाउजवाल्या बायका कुरकुरतात. त्यांना बाकड्यावर बसवून ती जाते.

तो कापलेला पाईप त्याने भिंतीला खिळ्यावर टांगलाय, माझ्या तारेसकट. नवीन गिऱ्हाईक विचारतं हे काय. मी तिथे असलो की रवी माझ्याकडे बोट दाखवतो.

"ह्याला विचारा. आता माईकशिवाय पण सांगतो."