कुसुमच्या दहाव्याचा होला

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडगाव रासाईला, आमच्या ओट्यावर लसूण सोलत होते. भाचा दत्तू म्हणाला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "जेवली होती का?" तेवढंच सुचलं.

कुसुम माझी धाकटी बहीण. मला शिरूर तालुक्यात दिलं, तिला दौंडात, कासुर्डीला. लहानपणी ज्वारीची राखण आम्हा दोघींकडं असायची. माळ्यावर उभं राहून गोफण मी फिरवायची आणि ही खाली पिसं वेचत हिंडायची. कुठलं पीस कुणाचं, हा तिचा नाद. मी काहीतरी ठोकून द्यायची, की ती खोडायचीच. "आक्के, डोळं हायेत का भोकं? पारव्याच्या शेपटीला काळं शेंड्याला असतं. होल्याचं उलटं. बुडाला काळं आन् शेंडा पांढरा." म्हातारी झाली तरी तीच गत. कालवणातलं मीठ असो नाहीतर पावसाचं नक्षत्र, मी म्हटलेलं तिला पटलं असं कधी झालंच नाही. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू...

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, वर काळे तीळ. कावळे बाभळीवर बसलेले, खाली येईनात. कावळा शिवला म्हणजे माणूस तृप्त होऊन गेलं, अशी आपली रीत. दत्तूनं हात जोडून एकेक कबूल केलं. नातीचं लग्न थाटात करीन, गाय विकणार नाही, बाबांना अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं तशी माणसं सावलीला सरकली, गप्पांना लागली. तेवढ्यात फडफड झाली आणि कुणीतरी ओरडलं, "शिवला, शिवला!" पिंड एका बाजूनं टोकरलेला होता. माणसं चपला शोधायला लागली. इतके दिवस कोरडा राहिलेला दत्तू तिथं हमसून रडला.

पिंडापाशी एक पीस पडलं होतं. होला दचकला की शेपटीचं पीस टाकून उडतो. मी ते उचललं. वरून मातकट राखी. उलटं केलं, तर बुडाकडं अर्धं काळं, शेंड्याकडं पांढरं.

"दत्तू, ह्यो कावळा न्हाई. होला हाय."

भावकीतले आप्पा खेकसले, "आक्का, गप ऱ्हावा की! शिवलं ते शिवलं. होला म्हंजी अशुभ, त्याचं नाव कशाला काढताय?"

"अशुभ कसला? तीळ दिसले, खाल्ले. त्याला काय ठावं दहावा कुणाचा?"

दत्तूचं रडणं थांबलं. माझ्याकडं बघत राहिला. "मग मावशी, आईचं राहिलं काय?"

त्याचं तोंड बघून वाटलं, जीभ आवरायला हवी होती. पण निघालेलं बोलणं कुठं परत घेता येतं? म्हटलं, "काय न्हाई राहिलं. तुझ्या आईला कवा कुणाचं पटलंय? समद्यांनी मिळून कावळा बोलावला, म्हणून तिनं होला धाडला."

आधी आप्पाच हसले. मग दत्तू, डोळे पुसत. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी संपला. दत्तूचं मन निवलं.

माझं नाही. आमच्याकडं होले दोन जातीचे. एकाच्या मानेवर काळी रेघ, दुसऱ्याच्या मानेवर ठिपके. शेपटी दोघांचीही बुडाला काळी. मी ते पीस घरी आणून खूप वेळा उलटंसुलटं केलं आणि रेघेवाल्याचं ठरवलं. बरोबर असेल, नसेलही. न्हाई म्हणणारं कुणी उरलं नाही.

हल्ली दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर एक होला येऊन बसतो. मानेवरची काळी रेघ मला ओट्यावरून स्वच्छ दिसते. तरी मी मोठ्यानं म्हणते, "ठिपक्यांचा दिसतोय."

आणि पत्र्याकडं कान देऊन बसते...