धुक्यात दोन बाण

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या बदलापूरच्या ट्रेकिंग ग्रुपने नेपाळला जायचं ठरवलं आणि त्यासाठी हातात मावणारं एक जीपीएस घ्यायचं ठरलं. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, आणि ग्रुपमध्ये कॉन्व्हेंटची मी एकटीच. आमचे म्होरके काका बाबांच्या वयाचे होते. ते म्हणाले, "बोलत नाहीस, निदान वाच तरी."

माझं जाणं मात्र अजून ठरायचं होतं. बाबा परवानगी देत नव्हते. एकदा जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "तुझं ते यंत्र मला डोंगरावरून सरळ खाली आणेल? आणलं तर जा नेपाळला. नाहीतर विषय बंद."

उल्हासनगरच्या एका दुकानात काकांना आणि मला दोन यंत्रं मिळाली, दोन्ही बाहेरून आलेली. एक छोटं, दिसायला देखणं. दुसरं मोठं, ओबडधोबड. दुकानात दोन्ही आंधळी, कारण उपग्रह दिसायला उघडं आकाश लागतं. भर बाजारात हात वर करून उभं राहायची मला लाज वाटली. माझा चेहरा पाहून दुकानाचे सिंधी शेठ काकांना म्हणाले, "साईं, दोनों ले जाओ. बेटी को जो पसंद आए रखो, दूसरा सोमवार को वापस."

रविवारी काका, बाबा आणि मी बदलापुरातल्या शिरगावहून रिक्षाने निघालो आणि डोंगराच्या पायथ्याच्या देवळाशी उतरलो. छोट्या यंत्राने जागा लगेच पकडली. बटण दाबून मी ती साठवली. मोठं शोधतच बसलं.

"छोट्यावरचे आकडे मोठ्यात हाताने भर," काका म्हणाले. बाबांनी चष्मा लावून आकडे वाचले, मी बटणं दाबली. काका ओट्यावर टेकले. "तुम्ही दोघं जा. मी आलो तर परीक्षा माझी होईल, यंत्राची नाही."

चढताना बाबा मागून येत होते. अर्ध्या वाटेत मोठंही जागं झालं. पठारावर पोचलो आणि दरीतून धुकं वर आलं. गवत कमरेएवढं, त्यात गुरांच्या वाटाच वाटा. कडा जवळ होता, पण कुठल्या बाजूला ते आता दिसत नव्हतं.

मी दोन्ही यंत्रांना देवळाकडचा रस्ता विचारला. उभं राहिलं तर बाण भिरभिरतो, चालू लागल्यावरच स्थिर होतो. म्हणून जपून थोडं चालले. दोन्ही बाण स्थिर झाले, पण कात्रीसारखे फाकलेले.

"कोणतं खरं?" बाबांनी विचारलं.

"यंत्रं थोडी चुकतातच, बाबा."

"थोडी? हे इकडे दाखवतंय, ते तिकडे. नेपाळात असं झालं तर काय फोन करून मला विचारणार आहेस?"

मोठं बिघडलेलं आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. उशिरा जागं झालेलं, दिसायला गावंढळ, त्यानेच चुकवलं असणार. पण छोटंच चुकत असलं तर? त्याच्यामागे गेलो आणि पुढे कडा आला तर? बाबांनी माझ्या दंडाला धरलं होतं, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

मी दोन्हींत साठवलेले आकडे उघडून शेजारी शेजारी धरले. सगळे सारखे. फक्त पहिल्या ओळीच्या शेवटी छोट्यात 49, मोठ्यात 59.

"बाबा, खाली देवळाशी पहिल्या ओळीत शेवटी काय वाचलंत?"

"एकोणपन्नास."

"मग बरोबर आहे. फिफ्टी-नाइन."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "फॉर्टी-नाइन! पन्नासला एक कमी, तो एकोणपन्नास!" मग धुक्याकडे तोंड करून म्हणाले, "इंग्रजी शाळा तुझ्या आईची हौस."

मी आकडा दुरुस्त केला. चालू लागल्यावर मोठ्याचा बाण हळूहळू वळला आणि छोट्याच्या बाजूला येऊन थांबला. आम्ही त्या दिशेने निघालो. उतारावर दाट झाडी लागली आणि छोट्याचा पडदा रिकामा झाला. पानांतून त्याला आकाश सापडेना. मोठ्याचा बाण हलला नाही. आता तेवढाच होता. बाबा माझ्या अगदी मागे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पायांखालची जमीन उतरत होती, तुटत नव्हती. बऱ्याच वेळाने झाडांतून देवळाचा पत्रा दिसला.

काका उठून उभे राहिले. "कोणतं घ्यायचं?"

"मोठं," मी म्हणाले.

बाबांनी काकांना धुकं सांगितलं, कडा सांगितला, बाण फाकले तेही सांगितलं. एकोणपन्नासचं काही बोलले नाहीत. नेपाळचंही नाही. मी मान खाली घालून यंत्रं पुसत राहिले.

"तिकडे हिला आकडे कोण वाचून दाखवणार?" बाबांनी एकदम विचारलं.

"असेल कोणीतरी. का हो?"

"इंग्रजीत वाचा म्हणावं," बाबा म्हणाले, आणि सँडल काढून चिखल झटकू लागले.