लाइन सोड

ती सबस्टेशनवर ऑपरेटर होती आणि नवरा लाइनमन. लग्नाआधी तो काहीतरी निमित्त काढून तिच्या खिडकीशी घुटमळायचा, तेव्हा सगळे हसायचे, "लाइनमन लाइन मारतोय!" तिनेही फार ताणून धरलं नाही.

वादळात तारा तुटल्या आणि गाव अंधारात गेलं. नवरा खांबावर चढून तार जोडत होता. तो खाली उतरल्याची खबर आल्याशिवाय वीज सोडायची नाही, हा नियम. आणि फोनची लाइन काही केल्या लागत नव्हती.

तक्रारवाल्यांची लाइन फाटकाबाहेर गेली होती. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचा धीर सुटला. रांग मोडून, लाथेने दार उघडून तो आत घुसला. मागे त्याची माणसं.

"माझ्या मालाचं पाणी होतंय! लाइन सोड!"

"वर माणूस आहे. माझा नवरा चढलाय!"

"नाटकं नकोत. आणा रे हिला लाइनीवर!"

कुणीतरी तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. ती तशीच उठली आणि स्विचच्या हँडलला दोन्ही हातांनी विळखा घालून लोंबकळली. मालकाने टेबलावरचा पाना उचलून तिच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. त्याने पुन्हा घातला. मग ती त्याच्या मनगटाला अशी चावली, की तोंडात आलेलं रक्त कुणाचं ते कळेना.

तार जोडून झाली, पण फोन लागत नाही म्हणून नवरा स्वतःच सांगायला आला. बायकोला पाहिलं, पाना हिसकावला आणि मालकाच्या गुडघ्यावर हाणला. मालक किंचाळत कोसळला. नवऱ्याने पाना त्याच्या डोक्यावर उगारला.

"बास!" ती ओरडली. "याच्यापायी तू तुरुंगात जाणार का?"

त्याने पाना भिरकावला. नवरा खांबावरून उतरलाय एवढी खात्री पटल्यावर तिने डाव्या हाताने हँडल वर ढकललं. पंखे फिरले. मग तिला भोवळ आली.

कोर्टात मालकाचा वकील म्हणाला, "माझे अशील रांगेत घुसणाऱ्याला म्हणाले, लाइन सोड. बाईंचा गैरसमज झाला."

तिने उजवा हात वर केला. दोन बोटं नव्हती. "आणि हे कुणाला सांगत होते?"

मालकाला शिक्षा झाली. नवऱ्याचीही चौकशी झाली, तो सुटला. ती त्याच खुर्चीत परतली. रजिस्टरमध्ये डाव्या हाताने सही करते. सासू म्हणते, "कागदावर कोंबडी नाचली की काय गं!"