टीव्हीसमोरची पाठमोरी खुर्ची

माझी बायको वालूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, आणि मी त्या शाळेचा बिनपगारी तंत्रज्ञ होतो. पात्रता एवढीच, की घरचा टीव्ही रुसला तर मी तो बंद करून पुन्हा चालू करतो.

दिवाळीनंतर चौथीतल्या एका मुलीचे आईबाप ऊसतोडीला गेले. मुलगी आजोबांजवळ राहिली. पण महिनाभरात आईचा निरोप आला: धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, बाप येऊन पोरीला उसाच्या फडावर घेऊन जाईल. गेली असती तर शाळा सुटलीच म्हणायची. बायकोनं फोनवर लय समजावलं. आई म्हणाली, "शिकती म्हंता मॅडम, पर मला कुटं दिसायलंय?"

"मग दाखवूच," असं म्हणून बायकोनं मला रजा टाकायला लावली.

गावानं वर्गणी करून घेतलेला मोठा टीव्ही वर्गात आहे. रेंज मात्र फक्त खिडकीत. मी माझा फोन पिशवीत घालून गजाला टांगला, त्याच्या नेटवर टीव्ही आणि टीव्हीवर बसवलेला कॅमेरा जोडला. बराच वेळ पडद्यावर माझ्याच नाकपुड्या होत्या. पोरं खूश.

तेवढ्यात आजोबा आले, ठेवणीतला फेटा बांधून. वडीलधाऱ्या माणसाला पुढची खुर्ची द्यायची, एवढं तरी मला कळतं. मी त्यांना बरोबर कॅमेऱ्यासमोर बसवलं.

फोन लागला. मागं उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या पाल्यानं शाकारलेली खोपी, पुढं आई, कडेवर बाळ. पोरगी ओरडली, "माय!" आणि लगेच पडद्यावर नुसता हिरवा पदर. ना हलणं, ना बोलणं.

"चित्र अडकलं," मी जाहीर केलं आणि माझा तो एकमेव इलाज करायला रिमोट उचलला.

"अहो, ठेवा तो रिमोट," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "सासरे दिसायलेत तिला."

आजोबांनी ऐकलं. उठले, खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडं पाठ करून पोरांकडं तोंड करून बसले. "बोल म्हणावं तिला. मी काय बघत न्हाई."

पदर वर सरकला. पोरीनं मॅडमचा टॅब कॅमेऱ्यासमोर धरला. नेटवरच्या नकाशात तिनं गावापासून फडापर्यंतचा रस्ता शोधून ठेवला होता. बोट फिरवत ती एकेक गाव वाचायला लागली. "सेलू. पाथरी. हितं गोदावरी."

"व्हय की! तिथंच आमी नारळ टाकतो," आई म्हणाली.

"मग माजलगाव, तेलगाव, केज... आन हितं तू हायस, माय."

आई त्या बोटाकडं बघत राहिली. दरसाल ट्रॅक्टरवर बसून तिनं तो रस्ता तुडवला होता. पाट्या वाचून कुणी दाखवल्या नव्हत्या.

मग ती म्हणाली, "मामा."

आजोबांची पाठ ताठ झाली. लग्न झाल्यापासून सुनेनं त्यांना अशी थेट हाक कधी मारली नव्हती. जे काय ते मुलाच्या तोंडून.

"पोरीला ठिवलं, तर तिच्या भाकरीचं तुमाला जमंल का?"

"महिना झाला, कोण थापायलंय मग?" आजोबा पहिलीच्या पोरांकडं बघून म्हणाले.

"जाड असत्यात," पोरगी म्हणाली. सगळा वर्ग हसला. आईसुद्धा.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "धाकट्याचं मी बघते."

बायकोनं फळ्याकडं तोंड करून डोळे पुसले. मी रिमोट पुसला.

आता दर शनिवारी फडावरचे आईबाप त्या टीव्हीवर येतात. पिशवी टांगण्यापासून खुर्ची फिरवण्यापर्यंत सगळं ती पोरगीच करते. परवा मी न बोलावता गेलो, तर म्हणाली, "काका, बाजूला सरका, तुमीच दिसायलाव."

सरकलो. पण गावात कुणी विचारलं, तर ही पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली म्हणून छाती फुगवून सांगतो. बायको जवळ नसेल तर.